खड्यांची वाटी

उत्रोलीकडच्या एका भाताच्या गिरणीत मी बरीच वर्षं तांदूळ निवडायला जायची. आम्ही पाचजणी. दाराशी उजेड असतो ना, तिथं वयानं मोठी बसणार, म्हणजे शेवटी शेवटी मीच. मांडीवर सूप, शेजारी वाटी. दिवसभरात निघालेले खडे त्या वाटीत टाकायचे आणि संध्याकाळी मालकांना दाखवून गिरणीमागं ओतायचे. मालक कधी नीट बघायचे नाहीत हो. पण भरलेली वाटी पुढं केली की घरी जाताना पाय हलके पडायचे.

मग निवडायचं मशीन आलं. मालक म्हणाले, "कुणाला काढणार न्हाई. पोती भरा, शिवा, काम हायच." आम्ही माना हलवल्या. विश्वास कुणाचाच बसला नाही. एकीचं कंबरडं धरलं ते आठ दिवस सुटेना. एक नुसती चेष्टा करायची, "त्याला डोळं किती गं? चष्मा लागल तवा बगू." मी म्हणायची, आपलं वय झालं, येऊ दे काय यायचं ते. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन दाराशी सूप घेऊन बसायची. रिकामं सूप. कुणी तिथं पोतं ठेवलं तर मला राग यायचा.

आमच्यातली पाचवी पासली गावची. नवरा गेलेला, लेकीला भोरच्या शाळेत घातलेली, तिथंच भाड्याच्या खोलीत दोघी राहायच्या. ती मशीन शिकली. डब्याच्या वेळेलाही तिथंच उभी. मला हाक मारायची, "आत्या, या की, सोपं हाय. म्या दावते." मी म्हणायची, "तूच शिक बाई. तुला मालकीण व्हायचंय." बाकीच्या हसायच्या. ती पण हसायची, पण नंतर हाक मारीनाशी झाली.

आता लिहिते ते मी कुणाला बोलले नाही. एका दुपारी सगळ्या हात धुवायला गेल्या होत्या. निवडलेल्या तांदळाची पोती शिवायची राहिली होती. मी मागं गेले, आमच्याच जुन्या ढिगातले खडे वाटीत भरून आणले आणि दोन पोत्यांत मुठीनं खालपर्यंत कालवले. मला वाटलं, मशीन वाईट ठरंल, परत जाईल. एवढंच वाटलं होतं, देवाशपथ.

खडे निघाले म्हणून माल परत आला. मालकांनी मशीनकडं पाहिलंसुद्धा नाही. पासलीचीला म्हणाले, "मशीन चुकत न्हाई. चालवणारी चुकती. उद्यापासनं येऊ नकोस." ती म्हणाली, "मालक, म्या डोळ्यांनी बघितलंय, तांदूळ साफ हुता." आम्ही चौघी खाली बघून पोती शिवत होतो. माझ्या हातातला दाभण थांबला नाही, हे मला पक्कं आठवतं.

पुढच्या आठवड्यात मार्गासनीला एसटीची वाट बघत ती भेटली. बोचकं होतं, लेक होती. शाळा सोडवून दोघी पासलीला निघालेल्या. म्हणाली, "आत्या, ते खडं म्या हातात घिऊन बघितलं. गिरणीतनं निघाल्याल्या खड्याला कोंडा चिकटल्याला असतो. ह्यांना न्हवता. पावसानं धुतल्यालं होतं."

मी म्हटलं, "आसंल बाई."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लेकीला म्हटलं, "आज्जीच्या पाया पड." पोर वाकली. तेवढ्यात एसटी आली.

मालकांनी मशीनवर मलाच उभं केलं. खरंच सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलं मला. खडे आता एका नळीतून परस्पर वेगळ्या पोत्यात पडतात, कुणाला दाखवावे लागत नाहीत. मालकांना खरं सांगावं म्हणून कितीदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. ते मान वर करून विचारायचे, "काय ओ मावशी?"

"काय न्हाई," म्हणून मी परत यायची.