बाभळीतला नालाचा खिळा

बाभळीच्या चोरीच्या त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आधी बायकोची दाढ आठवते. दाढ ठणकली की आमच्याकडं बाभळीला खिळा ठोकतात. सोनपेठबाहेर एका म्हाताऱ्या धनगराच्या पडीक रानात बाभळी होत्या, त्यातल्या थोरल्या झाडाला गावानं आजवर खिळे मारलेले. मी ठाण्याच्या घोड्याच्या नालाचा एक खिळा नेला. हातोडी तिनंच घेतली. "तुमी नका, बोट फोडून घेताव," म्हणाली. बुटकी होती, तिचा खिळा सगळ्यांच्या खाली बसला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं. दाढ थांबली. मग ताप भरला आणि ती गेली.

तेव्हा निजामाची अंमलदारी. मी पोलिसात जमादार, शाळा थोडी, उर्दू रपट मुन्शीकडून वाचून घ्यायचो. तिचे दिवस उरकून ठाण्यावर आलो तर कोठडीत तोच धनगर. तो मेंढरं घेऊन नदीकाठी गेला होता, परतला तर बाभळी बुडापासून तोडून नेलेल्या. गाडीच्या चाकोऱ्या धरून लाकडाच्या वखारीत गेला आणि वखारवाल्या शेठची गचांडी धरली. शेठनं उलटी लुटीची फिर्याद ठोकली. आमच्या अमीन साहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, म्हाताऱ्यालाच कोंडलं, दुसऱ्या दिवशी गंगाखेडच्या कचेरीत उभं करायचं होतं.

"मला टाका जेलात," म्हातारा म्हणाला. "पर उन्हाळाभर मेंढरं त्या बाभळीच्या शेंगांवर जगतेत. त्यायला काय घालू, जमादार?"

खबर नालबंदानं दिली. घोड्याचा खूर मांडीवर घेऊन म्हणाला, "शेठची करवत आलीय माझ्याकडं धार लावाया. दात झडलेत. लय घाईत हाय गडी."

मी वखारीत गेलो.

"या जमादार. घरचं लय वाईट झालं."

"घरचं राहू द्या. ह्या बाभळी कुठल्या?"

"नदीपलीकडच्या. गावाजवळचं झाड मी घेतच न्हाई. लोक खिळे मारतेत, करवतीचं वाटोळं होतंय. ह्या धंद्यात केस पिकले माझे."

"मग करवतीचे दात कशानं झडले?"

मी सरळ ओंडक्यांकडं वळलो.

ओंडक्यांची टोकं उन्हानं तडकू नयेत म्हणून वखारीत शेण-मातीचा लगदा लिंपतात. सालही सोलून कातडी कमावणाऱ्यांना विकलेली. खिळे उपटलेले. पण बाभळीत लोखंड बसलं की लाकूड आतून काळं पडतं, ते काही उपटता येत नाही. एका ओंडक्यावर दाटीवाटीनं काळे डाग होते. लगदा खरवडला तर बुडाच्या टोकाशी एक खिळा राहिलेला, चपट्या डोक्याचा, नालाचा. मी त्यावर हात ठेवला आणि जरा वेळ उचलला नाही.

"शेठ, हा सरकारी घोड्याचा खिळा. आमचं घोडं दाढ दुखती म्हणून नदीपलीकडं गेलं होतं का?"

पंच बोलावले, पंचनामा केला. शेठ कबूल झाला.

ठाण्यावर अमीन म्हणाले, "बायकोच्या खिळ्यावर खटला चालवणार? शेठ भरपाई देतोय. रफादफा करा."

"पंचनाम्यावर पंचांचे अंगठे झालेत, साहेब. फाडायचा तर तुमी फाडा."

नाही फाडला. पण माझा राग आजही जात नाही. झाडं नेली ती नेली, वर ज्याची नेली त्यालाच आत घातलं, आणि कुलूप आमच्या ठाण्याचं. नोकरीत मी एक शिकलो. ठाण्यावर आधी पोचला तो खरा, असं धरू नये. पैसेवाला आधीच पोचतो, त्याच्या दारात दमणी, बसायची छपराची बैलगाडी, जुंपलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरात चूल पेटली नव्हती. उपाशीच ठाण्यावर आलो आणि धनगराला सोडलं. शेठची दमणी बाहेर उभी होतीच. "बाजाराचा दिवस हाय, जमादार," तो म्हणाला. "पडदा ओढून आत बसतो." मी दमणीचे बैल सोडायला लावले आणि त्याला भर बाजारातून पायी गंगाखेडच्या कचेरीच्या रस्त्याला लावलं.