दोन कॅलिबर आणि एक रिकामी बाटली

टेकडी चढता चढता नाईक तुळशीदास भोयर मटकन खाली बसला आणि आडवाच झाला. डॉक्टर धावले. जड रायफलवाल्या तुकडीतला तो सगळ्यात दणकट गडी. बाकीचेही धापा टाकत होते. हलक्या रायफलवाले मात्र वर पोचून गप्पा मारत होते.

पायदळासाठी नवी रायफल निवडणाऱ्या बोर्डात मी तेव्हा मेजर होतो. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मोठ्या कॅलिबरची गोळी बांबूच्या बेटातूनही आरपार जाते, पण तिचं काडतूस जवळपास दुप्पट जड. म्हणून गडचिरोलीच्या जंगलात, भर उन्हाळ्यात, दोन तुकड्यांना पाण्यासकट सारखंच वजन देऊन आम्ही चालवत होतो. साहजिकच जड रायफलवाल्यांच्या वाट्याला काडतुसं कमी.

भोयर पडला तसा हलकी रायफल विकणाऱ्या कंपनीचा माणूस, म्हणजे तिचा व्हेंडर, खुलला. निकाल लागला म्हणाला. तेवढ्यात डॉक्टरांनी भोयरची बाटली उलटी केली. थेंब पडला नाही. तुकडीतल्या सगळ्यांच्या बाटल्या तशाच. निघतानाच अर्ध्या ओतून तेवढ्या वजनाची जादा काडतुसं पिशवीत भरलेली. आता जड रायफलचा व्हेंडर तावातावाने म्हणू लागला की त्याची रायफल नव्हे, तहान हरली. मला दोघांचंही पटत होतं. काय लिहावं कळेना. एक चांगला जवान उन्हाने जाता जाता वाचला, याचाच राग डोक्यात होता.

संध्याकाळी भोयर उठून बसला, तेव्हा मी त्याला झापलं.

"पाणी तं नाल्यात भेटते, सायेब. गोळी कुठी भेटन?"

"नाला कोरडा होता."

"हो, ते चुकलं माह्यं. सावली तालुक्याचा हाय मी, या दिवसात आमच्याकडं नाल्यात झिरा खोदला की पाणी लागते. इथी नाई लागलं."

तो इकडचा, म्हणून बाकीच्यांनी डोळे झाकून त्याचं ऐकलं होतं. पण ही नुसती ट्रायल आहे, हल्ला कोण करणार होतं, असं मी विचारलं. त्याने पिशवी जवळ ओढली आणि काडतुसं मोजायला घेतली.

बोर्डाचे प्रमुख असलेल्या कर्नलसाहेबांनी ट्रायल पुन्हा घ्यायला लावली. भोयर बरा झाल्यावर तुकड्यांनी रायफली बदलल्या. आता त्याच्याकडे हलकी रायफल आणि त्याच वजनात भरपूर काडतुसं. निघण्याआधी मी सहज त्याची बाटली उचलली. अर्धी रिकामी.

"आता का?"

"अजून एक मॅगझिन बसत व्हती, सायेब."

मी सगळ्यांच्या बाटल्या माझ्यासमोर भरून घेतल्या. या खेपेला कुणी पडलं नाही.

आम्ही हलक्या कॅलिबरची शिफारस केली, तुकडीत एकदोघांना मात्र जड. बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. एक गोष्ट तेवढी कळली. गोळी किती लांब जाते हे आम्ही मोजत होतो, आणि भोयर मोजत होता शेवटी किती उरतील. त्या मोजणीत कुठलंही कॅलिबर पुरं पडत नाही. म्हणून पाण्याचं वजन वेगळं धरावं, एवढी ओळ मी आग्रहाने रिपोर्टात घातली. त्या रिपोर्टातली तेवढी एकच ओळ मी आजही छातीठोकपणे सांगू शकतो.