मामांची कात्री आणि अक्कांचा तंबोरा

लोंबत्या दोऱ्याचा एवढा कट्टर वैरी पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे आमचं नशीब! यशवंतपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाच्या खिशात सदैव छोटी कात्री. टॉवेलांच्या दशा छाटल्या, पडद्यांच्या झालरी छाटल्या; अहो, माझ्या लग्नात अंतरपाट दूर होतो न होतो तोच हे पुढे सरसावले आणि माझ्या मुंडावळ्यांची लोंबती टोकं कचकन उडवून आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "आता सरी, ठीक झालं! जावई कसा नीटनेटका दिसतो." भटजी पुढचा मंत्रच विसरले.

मामांची थोरली बहीण, अक्का, त्यांच्याच घरी असतात. तरुणपणी एका ध्वनिमुद्रणात त्यांनी गायिकेमागे तंबोरा धरला होता. तबकडी घरात होती, ती वाजवायचं यंत्र मात्र कधीच नव्हतं, त्यामुळे भाचरं "अक्काची थाप!" म्हणून चिडवायची. आता अक्कांचे कान झपाट्याने जायला लागले आणि मामा इरेला पेटले. "कान जायच्या आत अक्काला तिचा तंबोरा ऐकवीन, नाहीतर नाव लावणार नाही!" जुना प्लेअर आणून थेट अँप्लिफायरला जोडला, तर डास गुणगुणावा तसा आवाज. "जावईबापू, सुईतून येतं ते नुसतं पातळ सार," मामा म्हणाले. "तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचेत मावायचा नाही. तो परत उचलायचा आणि सगळाच आवाज वाढवायचा, हे फोनो प्रीअँपचं काम. तंबोरा तिथंच दडलाय!" महिनाभर खपून त्यांनी प्रीअँप घरीच बनवला, तोही मामींच्या जिऱ्याच्या स्टीलच्या डब्यात. तापला की घरभर जिऱ्याचा वास सुटायचा.

रविवारी सकाळी सगळे जमलो. सुई टेकली आणि काय भरदार घुंऽऽ! "तंबोरा!" म्हणून आम्ही टाळ्या पिटल्या, मामांचे डोळे भरून आले. अक्का कानामागे हात धरून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा कसला तंबोरा? हा आपला फ्रीज."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. प्लेअरच्या धातूला बोट लावलं की घुंई कमी व्हायची, काढलं की पुन्हा सुरू. म्हणजे अर्थिंग! मी मागे डोकावलो, तर हिरव्या तारेचं बोटभर थोटूक. "मामा, इथली तार कुठाय?" "ती? ती फुकट लोंबत होती म्हणून..." आणि मामांनी जीभ चावली. मग "स्वल्प थांबा" म्हणत त्यांनी नवी तार डाग देऊन जोडली, डब्याच्या स्क्रूला आवळली. घुंई बंद! आणि गाण्यामागून हळूच खरा तंबोरा उमटला. अक्का ताठ बसल्या. "पंचम उतरलाय," त्या म्हणाल्या. "तेव्हाही उतरला होता. बाई गाता गाता माझ्यावर डोळे वटारत होत्या!" मामा सत्तरीत घरभर नाचले. त्या दिवसापासून थाप म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

आता अक्कांना फारसं ऐकू येत नाही. तरी दर रविवारी मामा तबकडी लावतात आणि अक्का स्पीकरवर तळवा ठेवून बसतात. परवा त्यांच्या पदराचा एक दोरा सुटून लोंबत होता. मामांचा हात खिशाकडे गेला, आणि तसाच रिकामा परत आला.