न हलणारी रेघ

मालवणजवळच्या देवबाग गावात माझ्या कामाबद्दल तीन मतं आहेत. शेजारच्या काकीला वाटतं, मी शेअर बाजार बघते. पर्यटकांना खोल्या देणारे समोरचे भाऊ मला हवामान खात्यातली समजतात आणि ढग दिसला की पाऊस विचारायला येतात. माझे बाबा मात्र सगळ्यांना एकच सांगतात, "आमचां चेडू परदेशातल्या पाण्यार नजर ठेवता." तिघांत त्यांचंच म्हणणं खऱ्याच्या जवळ आहे.

परदेशात जमिनीखाली खोल एका बोगद्यात प्रचंड मोठं यंत्र आहे. कणांवर कण आदळून पदार्थ मुळात कशाचा बनलाय, हे त्यात शोधतात. त्या यंत्राला हजारो सेन्सर लावलेत. कुठे किती तापमान, किती दाब, यंत्र थंड ठेवणारं पाणी किती वेगाने वाहतंय, हे दर काही सेकंदांनी डेटाबेसमध्ये नोंदलं जातं. या नोंदी नीट येतात की नाही, एवढंच मी बघते. कणांचं मला फारसं कळत नाही. पण नोंद नसेल तर त्या वेळच्या प्रयोगावर शास्त्रज्ञांना भरवसा ठेवता येत नाही, हे कळतं. तिकडची नोंदी बघणारी माणसं झोपलेली असतात तेव्हा इकडची सकाळ माझ्या वाट्याला येते, दुपारी एकपर्यंत.

आधी हे काम मी पुण्याच्या ऑफिसातून करायचे. आई गेल्यावर बाबा इथे एकटे राहिले. रोज संध्याकाळी माझा फोन आणि रोज त्यांचं तेच उत्तर, "मी बरो आसंय. तू जेवलंस?" चार वर्षं यात एक अक्षर बदललं नाही. मग एक दिवस काकीचा फोन आला, बाबा विहिरीपाशी दुसऱ्यांदा पडले म्हणून. पहिल्यांदा कधी पडले होते, ते मला ठाऊकच नव्हतं. मी इतकी संतापले की त्यांच्याशी बोलायच्या आधी ऑफिसच्या मुख्य बाईंशी बोलले.

बाईंनी सहा महिने गावातून काम करून बघायला परवानगी दिली. अट एकच, कामाच्या वेळात माझी लाइन तुटता कामा नये. तुटत राहिली तर पुण्याला परत. आणि बाबा पुण्याला यायचे नाहीत हे पक्कं होतं. उभा जन्म बोट हाकणारा तांडेल म्हणून समुद्रावर काढलेला माणूस. मागे आले होते तेव्हा तिसऱ्या मजल्यावर दोन दिवसांत कासावीस झाले, सकाळी उठून वारा कुठून येतोय ते विचारायचे. म्हणजे लाइन तुटली की बाबा पुन्हा एकटे, असा सरळ हिशेब होता.

मी दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, इन्व्हर्टर बसवला. पण सुट्ट्या लागल्या की गाव पर्यटकांनी भरतं, आणि बोटीत बसलेला प्रत्येक जण आपला व्हिडिओ तिथल्या तिथे पाठवत असतो, मग माझ्या दोन्ही लाइन तुंबतात. लाइन गेली की माझ्याकडे येणारे आकडे थांबायचे, लाल इशारा वाजायचा आणि त्याची प्रत बाईंना जायची. दुसऱ्या महिन्यात तो आवाज रोजचाच झाला. तेव्हा मी शहाणपणा केला. देखरेखीच्या प्रोग्रॅममध्ये एक नियम घातला: नवा आकडा आला नाही, तर आधीचाच धरावा. इशारे बंद झाले. बाईंनी कौतुकाचे दोन शब्द लिहिले आणि मी चार दिवस हवेत होते. तो नियम माझ्यापुरता न राहता तिकडच्या माणसांच्या पडद्यालाही लागू होतो, हे मला माहीत होतं. बघू नंतर, म्हणून मी सोडून दिलं.

बाबा रोज आठच्या सुमाराला माझ्यासाठी तांदळाची गरम पेज घेऊन यायचे आणि शेजारी खुर्ची ओढून बसायचे. मी त्यांना थंड पाण्याच्या प्रवाहाचा आलेख दाखवून ठेवला होता. पाणी म्हटल्यावर त्यांनी ती रेघ आपलीच मानली होती. नियम घालून तीन आठवडे झाले होते, त्या दिवशी ते बराच वेळ रेघेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आज भांग आसा काय तुझ्या पाण्याक?"

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, तेव्हा भरती-ओहोटी मंद असते. तोंडात पेज घेऊनच मी त्यांना समजावलं की रेघ स्थिर असणं चांगलंच. बाबांना ते काही पटलं नाही.

"भांगातसुद्धा पाणी जरा हालता गो," ते म्हणाले. "ह्यां हालणाच नाय."

मी नीट बघितलं. रेघ पट्टीने मारलेली दिसत होती. शेवटची खरी नोंद पावणेदोन तासांपूर्वीची होती. तिकडे आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम अडकला होता आणि माझा नियम तोच एक आकडा पुन्हा पुन्हा दाखवत बसला होता. पंप बंद पडला असता तरी मला सगळं हिरवंगार दिसलं असतं.

तिकडच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला असलेल्या माणसाला फोन केला, दहा मिनिटांत प्रोग्रॅम सुरू झाला. पाणी वाहतच होतं आणि यंत्राच्या सुरक्षेची व्यवस्था वेगळी असते, त्यामुळे मोडलं काही नाही. पण पावणेदोन तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

मग अहवाल लिहायला बसले. 'प्रोग्रॅम अडकला, पुन्हा सुरू केला' एवढं लिहिलं असतं तरी ते खोटं नव्हतं. नियमाबद्दल कोणी विचारलंही नसतं. बाबा शेजारीच होते. का कोण जाणे, माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला. चार वर्षं बरा आहे, बरा आहे असं का सांगत होता, म्हणून मी त्यांना फाडकन विचारलं.

ते खिडकीतून खाडीकडे बघत म्हणाले, "खरां सांगलां असतां तर तू काम सोडून धावत इलां असतंस."

माझी नोकरी टिकावी म्हणून त्यांनी चार वर्षं जुनाच आकडा पाठवला होता, आणि त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून मी तीन आठवडे तेच केलं होतं. मी अहवालात नियम कोणी घातला, कधी आणि कशासाठी, ते सगळं लिहिलं. पाठवलं तेव्हा पेज गार झाली होती, ती तशीच प्यायले.

बाईंचं उत्तर दुपारी आलं. नियम काढायचा. यापुढे माझी लाइन तुटली की ते सगळ्यांना दिसेल, दिसू दे. सहा महिने आजपासून पुन्हा मोजायचे. आणि रेघ हलत नाही हे कोणाच्या लक्षात आलं, ते त्यांनी विचारलं होतं. मी बाबांचं नाव कळवलं आणि त्यांनाही ते सांगितलं. ते चप्पल घालून समोरच्या भाऊंकडे गेले आणि तासभर परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ नेहमीसारखी थरथरत होती. बाबांनी पेज ठेवली. कसं आहे, मी सवयीने विचारलं. खुर्चीत बसून त्यांनी आधी पडद्यावरची रेघ बघितली.

"आज माका बरां नाय," ते म्हणाले. "रात्री दोनदा घेरी इली."

मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. एक वाजता काम संपवलं आणि त्यांना रिक्षात बसवून मालवणला डॉक्टरांकडे नेलं.