सुमाताईंनी अडवलेली बस

माझ्या नणंदेने एकदा परक्या देशात, भर हायवेला, अख्खी बस अडवली होती.

माझ्यासाठी.

सुमाताई काल सकाळी गेल्या.

ताई म्हणजे श्रीची मोठी बहीण. श्री माझा नवरा. आम्ही ठाकुर्लीचं एकत्र घर सोडून घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला, ते ताईंच्या मनाला लागलं. तोंडाने कधी काही बोलल्या नाहीत. पण दिवाळीला फोन यायचा तो श्रीच्या मोबाईलवर. "मेधा बरी आहे ना?" एवढं त्यालाच विचारायच्या. मीही कधी आपणहून फोन केला नाही.

वीस वर्षं असंच चाललेलं.

मग श्री गेला. हार्ट अटॅक. हॉस्पिटलला पोचेपर्यंतही थांबला नाही.

आमचं दोघांचं तुर्कस्तानला जायचं ठरलेलं. त्याच्या वर्षश्राद्धाला मी सहज म्हटलं, "मी एकटीच जाऊन यावं म्हणते."

ताई पानं मांडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "एकटी कशाला? मी येते."

महाराष्ट्राबाहेर त्या एकदाच गेलेल्या. काशीला.

तर, अंकारा ते अंतल्या. आठ तासांचा बसप्रवास. ताई कॉटनची साडी, वर श्रीचा जुना स्वेटर, खाली स्पोर्ट्स शूज.

तिकडे लांबच्या बसमध्ये अटेंडंट असतो. चहा देतो, पाणी देतो, आणि सगळ्यांच्या हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओततो. आमचा अटेंडंट पन्नाशीचा, भरघोस मिशांचा. ताईंनी तीर्थाला धरतात तसा उजवा हात पुढे केला. त्याने कोलोन ओतलं. ताईंनी हात थेट तोंडाकडे नेला.

मी मनगट धरलं म्हणून, नाहीतर प्यायल्याच असत्या!

"सांगायचं नाही का आधी?" म्हणाल्या. आणि दोघी हसलो. श्री गेल्यापासून पहिल्यांदा.

अर्ध्या वाटेत बस जेवायला थांबली. वीस मिनिटं. ताई म्हणाल्या, "माझे पाय दुखतायत, तू जाऊन ये."

हॉटेलच्या मागे नुसता डोंगर आणि लाल फुलांचं शेत. मी फोटो काढला आणि सवयीने श्रीला पाठवला.

पाठवून झाल्यावर लक्षात आलं.

एक टिक. दुसरी येणारच नव्हती.

मग मी तिथेच भिंतीला टेकून रडले. वर्षभर लोकांसमोर धीराची बाई म्हणून वावरलेले. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. किती वेळ गेला कळलंच नाही.

पुढे आले तर बस नाही.

पासपोर्ट बसमध्ये. पर्स बसमध्ये. ताई बसमध्ये, आणि त्यांच्या फोनला तिथलं सिमकार्डही नाही. हॉटेलवाल्याला हातवारे करून सांगत होते. तो बिचारा मला खुर्ची देत होता.

आणि मग हायवेच्या कडेने ताई येताना दिसल्या.

चालत. म्हणजे जवळजवळ धावतच. निऱ्या एका हातात धरलेल्या, केस सुटलेले. मागे तो मिशीवाला अटेंडंट, धापा टाकत.

बसमध्ये काय झालं ते एका कॉलेजच्या मुलीने मला नंतर इंग्लिशमध्ये सांगितलं. बस सुटली तेव्हा ताईंना डुलकी लागलेली. जाग आली तर बाजूची सीट रिकामी. त्या उठल्या आणि थेट ड्रायव्हरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर तुर्की बोलतोय, ताई मराठी.

"आमची मेधा खाली राहिली! गाडी थांबवा! मेधा! मेधा राहिली!"

सगळ्या बसला एकच शब्द कळला. मेधा. मग मागची दोन-चार माणसंही ओरडायला लागली, "मेधा! मेधा!"

ड्रायव्हरने बस कडेला घेतली. दार उघडलं तशा ताई उतरून उलट दिशेने चालायला लागल्या. कोणासाठी थांबल्या नाहीत.

माझ्याजवळ आल्या आणि दंडावर एक फटका मारला. चांगला जोरात.

"कुठे गेलेलीस गं?"

बसमध्ये बसलो. मग ताई हळूच म्हणाल्या, "चूक माझीच. तो माणूस येऊन काहीतरी विचारून गेला. तू आलीस का, असं विचारत असणार. मला वाटलं चहा हवा का विचारतोय. मी हो म्हणून मान हलवली."

मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

"भाऊ तर गेलाच. तुलाही हरवून आले असते, तर घरी जाऊन करणार काय होते मी?"

मग मी त्यांना फोन दाखवला. तो फोटो, ती एक टिक.

ताईंनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "मी पण पाठवते त्याला. रोज सकाळी. गुड मॉर्निंग."

अंतल्या येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

त्यानंतरची सहा वर्षं आम्ही खूप भांडलो. आमटीतल्या गुळावरून, एसीच्या टेंपरेचरवरून. रोज फोन. ताईंचं दुखणं वाढलं तेव्हा मी त्यांना माझ्याकडेच आणलं. आधी नाही म्हणाल्या. मग बॅग भरून, दाराला कुलूप लावून, जिन्यात माझी वाट बघत बसलेल्या.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये सिस्टरने विचारलं, "आजींबरोबर घरचं कोण आहे?"

मी नणंद-भावजय वगैरे सांगायला लागले. ताईंना बोलायला त्रास होत होता, तरी मला मध्येच थांबवलं.

"ही आहे ना," म्हणाल्या.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत.

ताई, नमस्कार करते.