पाचटात बसलेल्या आत्याबाई

जमिनीला ऊन लागेल म्हणून ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असं माणूस अख्ख्या दौंड-शिरूरमध्ये एकच असेल, आणि ते म्हणजे आमच्याच घरात राहणारी माझ्या नवऱ्याची आत्या. काही वर्षांपूर्वी गावच्या देवळात हवामानबदलावर सभा झाली. बाकीचं गाव चहापुरतं गेलं. आत्याबाई पहिल्या रांगेत बसल्या. शेतीखात्याच्या बाईंनी सांगितलं, ऊस तोडल्यावर मागे राहणारा वाळका पाला, म्हणजे पाचट, जाळू नका, सरीत पसरा. धूर होत नाही, पाणी कमी लागतं, जमीन गार राहते. आमच्याकडचा रिवाज नेमका उलटा. तोड झाली की गुडघाभर वाळल्या पाचटाला काडी लावायची. रान काळंभोर झालं की ते स्वच्छ झालं. आत्याबाईंनी घरी येऊन आधी काड्यापेटीच लपवली. पुढे कित्येक दिवस देवाजवळचा दिवा लावायलासुद्धा ती त्यांच्याकडून मागून घ्यावी लागे.

त्यांना कुठलीच गोष्ट बेतानं करता येत नाही. पाचट उसात पसरलं, मग तुळशीत, मग कढीपत्त्याच्या बुडाशी, आणि एकदा माझी स्कूटर उन्हात उभी दिसली म्हणून तिच्या सीटवर. नणंदेला बघायला शिरूरकडचे पाहुणे आले, तर पोहे राहिले बाजूला, मुलाच्या वडलांना त्यांनी भर उन्हात अनवाणी रानात नेलं. "आदी बांधावर हुबं ऱ्हा, मंग पाचटाखाली पाय घाला, आन् मला सांगा." ते गृहस्थ बांधावर अक्षरशः नाचले, आणि पाचटाखाली पाय गेल्यावर मुलीचं शिक्षण विचारायचंच विसरले. "अवो, खाली ओल हाय की!" एवढंच घोकत राहिले. लग्न जमलं.

बधत नव्हते ते शेजारच्या रानाचे आप्पा. त्यांची तोड आमच्यानंतर झाली. त्यांनी काडी लावली असती तर एका वाऱ्यासरशी आमचंही रान पेटलं असतं, आणि बुडख्यांतून नुकताच फुटलेला नवा ऊस जळून गेला असता. आप्पा काड्यापेटी घेऊन आले, तर त्यांच्याच रानाच्या मधोमध, पाचटात, आत्याबाई छत्री उघडून बसलेल्या. भाकरीचा डबा बरोबर.

"आक्का, उठा की. रान मोकळं करू द्या."

"लावा की काडी. म्या कुठं न्हाई म्हनलं?"

"आवो, आसं काय करता!"

"ऊन लई हाय, आप्पा. या, बसा."

आप्पा चरफडले, मला म्हणाले, तुमच्या आत्यांना घरी न्या. माझी काही छाती झाली नाही. असं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. दुपार कलली तरी त्या हलेनात. शेवटी आप्पा आमच्या रानातून आत्याबाईंकडे निघाले आणि मध्येच थांबले. वाकून त्यांनी पाचट बाजूला सारलं. खाली ओल होती, गांडुळं होती, कोंब तरारले होते. मग आत्याबाईंसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "वाढा भाकर." तेव्हापासून आमच्या शिवारात कुणी पाचट पेटवलेलं नाही.

आता आत्याबाईंचे गुडघे गेले आहेत. परवा मला रांजणगावच्या कंपनीत सुट्टी होती, म्हणून त्यांना स्कूटरवर मागे बसवून इनामगावकडे फिरायला नेलं. वाटेत एका रानात पाचट पसरलेलं दिसलं आणि त्यांनी मला थांबवलं. तिथली बाई आम्हाला ओळखत नव्हती. मोठ्या अभिमानानं म्हणाली, "आजी, आमी पाचट जाळत न्हाई बरं का. जिमीन गार ऱ्हाती."

शेतीखात्याच्या बाई सोडल्या तर जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "आसं व्हय? सांग की मला समदं." आणि बांधावर टेकून त्यांनी ते सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.

परतताना मी विचारलं, "तुम्ही का नाही काही बोललात?"

"काय बोलू? आता तिचं झालंय ते."

मी स्कूटर उगीचच हळू चालवू लागले. घर लवकर यावं असं मला वाटत नव्हतं.