अपरिहार्य कारणांमुळे

नोकरी गेल्यावर मी घरात बसून सगळ्यांच्या अंगावर खेकसत होते. म्हणून इथे आखातात, अजमानमधल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, मुलीकडे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं पुस्तक टाइप करायचं काम आलं, ते लगेच घेतलं. हे बोस्नियाचे माजी मंत्री. बोस्नियाक, म्हणजे तिथल्या मुसलमान समाजातले. ते इंग्रजीत सांगायचे, मी टाइप करायची. माणूस दोन मिनिटं खुर्चीत टिकेल तर शपथ! खिडकी, दार, किचन, पुन्हा खिडकी. मलाच गरगरायला लागायचं.

पाच प्रकरणं भराभर झाली. सहाव्याला गाडी अडली. युद्धात हाकललेले लोक एका डोंगरातल्या गावी परतले होते, आणि त्यांच्या विजेच्या लाइनची फाइल साहेबांच्या टेबलावर सात महिने पडून होती. "हे कसं लिहायचं?" त्यांनी विचारलं. मी जन्मभर सेक्रेटरीगिरी केलेली बाई, बोटं आपोआप चालली. 'ड्यू टू अनअव्हॉयडेबल सर्कमस्टन्सेस' विलंब झाला. साहेब इतके खूश झाले की स्वतः कॉफी करून घेऊन आले, तांब्याच्या छोट्या भांड्यातली, सोबत साखरेचा खडा.

त्या कॉफीवर ते बोलून गेले. त्यांच्या देशात मुख्य समाज तीन, म्हणून मंत्र्याच्या हाताखाली दोन उपमंत्री, उरलेल्या दोन समाजांचे. फाइलला एकट्या मंत्र्याची सही पुरली असती. पण गाव त्यांच्या समाजाचं, खुद्द त्यांचंच. 'आधी आपल्या घरात दिवा लावला' असं कोणी म्हणू नये, म्हणून हे त्या दोघांच्या सह्यांची वाट बघत बसले. गावात त्यांची आई एकटी राहत होती. हिवाळ्यात अंधारात जिन्यावरून पडली आणि गेली. वीज मार्चमध्ये आली.

"सर, ते वाक्य काढते मी."

"राहू द्या. चांगलं आहे."

"चांगलं कसलं? धडधडीत खोटं आहे!"

"खलास, मॅडम," म्हणाले, म्हणजे इथल्या अरबीत 'बस्स, संपलं', आणि दार उघडून उभे राहिले.

घरी येऊन मी भांडी आपटली. लेक म्हणाली, "मम्मा, इट्स हिज बुक. चिल." चिल म्हणे! वाक्य माझं होतं ना. त्यांच्या आईच्या मरणावर मी ऑफिसचं पांघरूण घातलं होतं, आणि तेच आता पुस्तकात छापून जाणार होतं. दोन दिवस नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. जेवण जाईना, झोप लागेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबच आमच्या दारात उभे. "यल्ला," चला, एवढंच म्हणाले. वर त्यांच्या घरी गेल्यावर पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसले. हात तेवढे गुडघ्यांवरून फिरत होते.

"शेजारणीनं मला नंतर सांगितलं," ते म्हणाले. "गावातले लोक मला शिव्या द्यायचे, तेव्हा आई त्यांच्याशी भांडायची. म्हणायची, माझ्या मुलाच्या हातात नाहीये ते. असतं तर एक दिवस थांबला नसता."

मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. मी कीबोर्डवर हात ठेवले.

"लिहा," ते म्हणाले. "माझ्या हातात होतं."